गुरुवार, दहा ते चार

गुरुवारी लाईट नसते हे अख्ख्या नारायण पेठेला माहीत,
खळदकरांना नव्हतं.
ते अकराला आले, जिना चढून,
हातात कागद, कागदावर आडनाव,
आणि मापं, मिलिमीटरमध्ये.

म्हटलं, काका, चारनंतर.
म्हणाले, बसतो.

बसले कुठले!
मशिनचं झाकण उघडं होतं,
काचेच्या नळीकडे असे वाकले
जणू शाळेतला मित्र एसटीत भेटला.
कार्बन डायऑक्साइड ना?
हो, त्यात नायट्रोजन, हेलियम. गार ठेवायला खाली बादली,
बादलीत माशांच्या टाकीचा पंप.
बादली बघून हसले.
आमच्याकडेही बादलीच होती सुरुवातीला, पाषाणला.
तीस वर्षं आरसे घासले मी.

हा उजेड तुला दिसतो?
नाही. लाल ठिपका दिसतो, तो नुसता बोट दाखवायला.
कापणारा वेगळा.
ॲक्रिलिक जळल्याचा वास आला की कळतं, आहे.

तर हाच, ते म्हणाले,
हाच उजेड मंगळावर आहे,
जमिनीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर वर,
जिथे हवा जवळजवळ संपलेलीच असते.
नळी नाही, वायर नाही, बिल नाही.
ऊन पडतं,
आणि या वायूचे रेणू वरच्या पायरीवर जाऊन बसतात,
इतके, की खालची पायरी ओस.
मग एखादा किरण जाता जाता एकाला हटकतो,
तो उतरतो, आणि उतरताना एक किरण सोडतो
त्याच चालीचा, त्याच पावलाचा.
एकाचे दोन.
शुक्रावरही असंच.

मग तिथे काही कापलं कसं जात नाही?

त्यांनी कोपऱ्यातल्या आरशापर्यंत बोट नेलं,
टेकवलं नाही.
या नळीला दोन्ही टोकांना आरसे, बिल्किस.
(नाव पावतीपुस्तकावर वाचलं असणार.)
किरण जातो, येतो, जातो, येतो,
दर खेपेला वाढतो, मग तुझी पट्टी कापतो.
वर आरसा कोण लावणार?
एकदाच जातो.
शंभराचे एकशे आठ झाले तर झाले,
आणि गेला.

मग कळलं कसं कुणाला?

इथल्या नळीतला किरण त्यात मिसळला.
दोन तंबोरे जवळजवळ जुळले की मधेच एक घुमणं येतं ना,
जुळण्याच्या जरा अलीकडे?
ते ऐकलं.
मी नव्हे. दुसऱ्या देशात, दुसऱ्यांनी.
मी वाचलं, डबा खाता खाता.

दुपारभर खालून रिक्षांचे हॉर्न.
मी अर्धी पोळी दिली, त्यांनी चटणी परत केली, तिखट म्हणून.
मग स्वतःच सांगितलं:
मुलाकडे असतो आता, वाकडला, चौदावा मजला.
बाहेर त्या दोघांची पाटी आहे. पितळी. चांगली आहे.
ही माझ्या खोलीच्या दाराला.
आतून.

आतून कोण वाचणार, काका?
तोंडातून गेलंच.

मंगळावर कोण वाचतंय?

चार दहाला लाईट आली. मशिन कोकललं,
हेड सरपटत आपल्या कोपऱ्यात गेलं.
तीन आठवडे पुसला नव्हता तो आरसा
मी कापूस, स्पिरिट घेऊन पुसला,
ते बघत होते म्हणून.
हलक्या हाताने, ते म्हणाले. वर्तुळं काढू नकोस, एकाच दिशेने.

दोन मिनिटं वीस सेकंद.
खळदकर एकसंध निघाले,
वरच्या रेघेला लटकून पाचही अक्षरं,
कडा अजून कोमट.
त्यांनी कागदाच्या मापाला लावून बघितलं,
अर्धा मिलिमीटर जास्त आहे म्हणाले,
पैसे मात्र पूर्ण दिले.

शुक्रवारी ट्रे झाडताना
ळच्या पोटातून पडलेले दोन तुकडे सापडले,
मसुरीएवढे, गुळगुळीत.
मंगळ कापला तरी
हेच दोन पडले असते.